‘पालकांना हाकलतात’ या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबद्दलचा तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. आधी माफी मागतो. त्या गुरुवारी बाकीच्या पालकांसमोर माझा आवाज चढला, तो चढायला नको होता. बॅच दोनदा दहा-पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली हेही खरं. पावसात आमच्या कोच मॅडमना मिरजेहून यायला वेळ लागला, पण ती अडचण आमची, तुमची नव्हे. दोन्हीबद्दल क्षमस्व.

एक स्टार दिलात, तो तुमचा अधिकार. पाच महिने कोलांट्याच शिकवल्या, स्पर्धेच्या बॅचला घेतलं नाही, भिंतीवर ऑलिंपिक खेळलेल्या जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचा फोटो लावून लोकांना भुलवतात असंही लिहिलंत, त्यावर पुढं बोलतो. पण ‘पालकांना हाकलून दार लावून घेतात, आत असं काय लपवायचं असतं?’ हे वाक्य वाचल्यापासून मला धड झोप नाही. एकोणीस वर्षं सांगलीत पोरांना शिकवतोय. सोमवारी दोन पालकांचे फोन आले, दोघांनी हेच वाक्य मला वाचून दाखवलं. एका आईनं मुलीचा प्रवेश पुढं ढकलला. म्हणून या एका गोष्टीवर सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

दार आम्ही लावत नाही. हे हळदीचं जुनं गोदाम आहे. त्याचं सरकतं पत्र्याचं दार बॅच सुरू असताना हातभर उघडंच असतं, नाहीतर आत उकाड्यानं उभं राहवत नाही. पश्चिमेच्या भिंतीला जाळीची खिडकी आहे, तिथून सगळा हॉल दिसतो. मुलींना आधार द्यायचं काम, ज्याला आम्ही स्पॉट म्हणतो, ते मॅडमच करतात, मी नाही. आणि त्यासुद्धा हात लावायच्या आधी ‘पाठीला हात देते हं’ असं मुलीला सांगतात. हे इथल्या कुठल्याही मुलीला विचारा, तुमच्या लेकीलाही विचारा.

आता त्या गुरुवारचं. बीम, म्हणजे जिच्यावर तोल सांभाळत कसरती करतात ती आडवी तुळई, कशी असते ते तुम्ही पाहिलं आहे, इतरांसाठी सांगतो. ५ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून १२५ सेंटिमीटर उंच. कंपासपेटीतली छोटी पट्टी १५ सेंटिमीटरची असते, बीमची रुंदी तेवढीसुद्धा नाही. सातवीतली एक मुलगी त्यावर बॅक वॉकओव्हर करत होती. उभ्यानं मागं कमान टाकायची, हात बीमवर आणायचे, पाय वरून फिरवून पुन्हा त्याच दहा सेंटिमीटरवर टेकवायचे. ती मागं झुकली आणि नेमक्या त्याच वेळी तुम्ही जमिनीवरची पिवळी पट्टी ओलांडून चपलांसकट मॅटवर आलात. फोन वर धरून लेकीला मोठ्यानं हाक मारलीत, ‘इकडं बघ, पाय सरळ कर!’ तुमची लेक खाली मॅटवर होती, तिला काही धोका नव्हता. पण बीमवरच्या मुलीनं मान वळवली. तिचा एक हात बीमवर आला, दुसरा हवेतच राहिला. मॅडमचा हात तिच्या कमरेखाली होता म्हणून ती घसरत मॅटवर बसली. तो नसता तर मानेवर आली असती. नडगी सोलवटली, तेवढ्यावर भागलं. मी ओरडलो ते तेव्हा. तुमच्या रिव्ह्यूत माझं ओरडणं आहे, त्याच्या आधीचं अर्धं मिनिट नाही.

तुम्ही मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. लेकीचा व्हिडिओ आजीला पाठवायचा होता, हे तुम्हीच नंतर सांगितलंत. पण ज्या मुलीची नडगी सोलवटली तिचीही आई आहे. त्या बाईंनी कुठं काही लिहिलं नाही.

पूर्वी आम्ही पालकांच्या खुर्च्या आतच ठेवायचो. मग लक्षात आलं, पोरगं प्रत्येक उडीनंतर खुर्चीकडं बघतं. आईच्या कपाळावर आठी दिसली की पुढची उडी अर्धीच मारतं. काही जण आतून सूचना द्यायचे, कोच एक सांगतोय आणि बाबा दुसरंच. तेव्हापासून खुर्च्या बाहेर नेल्या. प्रवेशाच्या फॉर्मवर तिसऱ्या ओळीत हे छापलेलं आहे आणि खाली तुमची सही आहे.

मॅटवरच्या चपलांबद्दल मी जास्त बोललो असेन, त्याला कारण आहे. २०१९ च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमचा हॉल गावभागात होता. पाणी ओसरल्यावर आत गेलो तर फोमच्या मॅट चिखल पिऊन फुगलेल्या, एकेक उचलायला चार माणसं लागली. सगळ्या टाकून द्याव्या लागल्या. आता आहेत त्या कर्जावर घेतल्या, शेवटचा हप्ता गेल्या वर्षी फिटला. त्याच मॅटवर पोरं तोंड टेकून लोळण घेतात.

आता कोलांट्या. पाच महिन्यांत तुमची लेक फॉरवर्ड रोल, बॅकवर्ड रोल, भिंतीला टेकून हॅण्डस्टॅण्ड म्हणजे हातांवर उभं राहणं, ब्रिज म्हणजे पाठीची कमान आणि दोन्ही बाजूंची कार्टव्हील म्हणजे चाकासारखी आडवी कोलांटी शिकली. आठवड्याला तीन दिवस एक तास येणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीला हे पुष्कळ आहे. पुढची प्रत्येक गोष्ट या पाचावर उभी राहते. स्पर्धेत गुडघा वाकला की पंच ०.१०, ०.३० नाहीतर ०.५० कापतात, बीमवरून पडलं की सरळ १ गुण जातो. कच्च्या हॅण्डस्टॅण्डवर फ्लिक, म्हणजे मागं उडी घेऊन हातांवरून उलटणं, शिकवून व्हिडिओ काढता येतो. मनगट आणि कंबर मात्र पोराची जाते. वाढत्या वयात मनगटाच्या हाडाचा वाढीचा भाग नाजूक असतो, त्यावर रोजचा भार पडला की दुखणं धरतं आणि मग महिनोन्महिने हात टेकवता येत नाही. असं दुखणं घेऊन दुसरीकडून माझ्याकडं आलेली मुलं मी बघितली आहेत.

स्पर्धेच्या बॅचला नाही म्हणालो ते याचसाठी. ती बॅच आठवड्याला सहा दिवस, रोज तीन तास. दिवाळीची सुट्टी चार दिवस. चार वर्षं घासल्यावर कुठं जिल्ह्याच्या पुढं विचार करता येतो. दुप्पट फी देते म्हणालात. गोदामाचं भाडं मला दर महिन्याला भरावं लागतं, पैसे मलाही नको झालेले नाहीत. पण खेळाडूंना मिळणाऱ्या दहावीच्या ग्रेस मार्कांसाठी तिसरीतल्या मुलीला त्या बॅचला घालणं मला पटलं नाही. तिला स्वतःला काय वाटतं ते तिनं मॅडमना सांगितलं आहे. ते मी इथं लिहिणार नाही, तिचं नावही लिहिणार नाही, उद्या मोठी होऊन ती हे वाचेल. तुम्ही घरी एकदा निवांत विचारा.

दीपा कर्माकरच्या फोटोवरून बोललात ते लागलं. त्या सहाव्या वर्षी खेळात आल्या. तळवे सपाट होते, या खेळाला ते अडचणीचंच. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या, म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायच्या उडीच्या, फायनलमध्ये त्या चौथ्या आल्या, ब्राँझ ०.१५ नं हुकलं. सहाव्या वर्षापासून तेविसाव्या वर्षापर्यंत. तो फोटो मी या मधल्या वर्षांसाठी लावला आहे.

तुम्ही दुसरीकडं जाणार असं लिहिलंत. जरूर जा, पण हॉल निवडताना भिंतीवरची मेडल मोजू नका. बॅच सुरू असताना जा. एका कोचकडं किती पोरं आहेत ते बघा, आमच्या हौशी बॅचला बारा मुलांना दोन कोच आहेत. नवीन मुलाला पहिल्या महिन्यात पडायचं कसं ते शिकवतात का? लोंबकळून कसरत करायच्या बारच्या खाली मॅटमध्ये फट आहे का? पोरगं ‘आज नको’ म्हणालं तर कोच काय करतो, हे तर नक्की बघा. रडणाऱ्या मुलीच्या मांड्या दाबून स्प्लिट, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून जमिनीला टेकवणं, करून घेत असतील तर तिथून परत फिरा, मग तिथं राज्याची मेडल का असेनात. आणि हौशी मुलांना साधनांवर वेळ मिळतो की स्पर्धेच्या मुलांची पाळी संपायची वाट बघत बसावं लागतं, तेही विचारा. याबाबतीत आमच्याकडं मंगळवारी गोंधळ होतो, तो मान्य करतो. वेळा बदलून बघतोय.

बाहेरच्या खुर्च्या खिडकीजवळ घेऊ, वर पत्राही टाकायचा आहे, पाऊस उघडला की बघतो. महिन्यातून एकदा पालकांनी आत बसून बॅच बघावी असं मॅडमचं म्हणणं आहे, त्याचंही काहीतरी करू.

तुम्ही तीन महिन्यांची फी भरली होती, त्यातले दोन महिने बाकी आहेत. ९०० प्रमाणे १,८०० रुपये परत देतोय. फॉर्मवर ‘फी परत मिळणार नाही’ असं लिहिलं आहे तरीही. पावती सापडत नसेल तर राहू दे, आमच्या वहीत नोंद आहे. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ मी हॉलवरच असतो. लेकीला घेऊन आलात तर तिची निळी पाण्याची बाटली मॅडमनी कपाटात ठेवली आहे, ती मागून घ्या.