‘आपल्या आधारला कोण विचारतंय?’ ढिगानं विचारतात!

गेल्या आठवड्यात चार वेगवेगळ्या ग्रुपांतून मला एकच मेसेज आला. थोडक्यात असा: ‘डार्क वेबवर बड्या लोकांची माहिती विकतात. ज्याच्या खात्यात दोन हजार रुपये, त्याच्या आधारला कोण विचारतंय? ओटीपी सांगू नका, बास. आपण डार्क वेबवर जातच नाही, मग आपलं काय जाणार? आणि गेलंच तर पोलीस काही करत नाहीत, गप्प बसा.’ (डार्क वेब म्हणजे साध्या ब्राउझरनं न उघडणारा, ओळख लपवून चालणारा इंटरनेटचा कोपरा.)

मी सांगलीत ऑनलाईन फॉर्म भरून देण्याचं दुकान चालवते. रोज वीस-पंचवीस जणांची आधार, पॅन, पासबुकं माझ्या टेबलावरून जातात. मेसेजमधलं ‘ओटीपी सांगू नका’ एवढं खरं आहे, ‘बास’ नव्हे. पण बाकीच्यावर विसंबून माणसं बुडतील, म्हणून हे लिहितेय.

‘कोण विचारतंय?’ मार्केट यार्डात हळदीचा सौदा बघा. व्यापारी ढिगात हात घालतो, एखादं हळकुंड मोडून आतला रंग बघतो आणि भाव सगळ्या ढिगाचा बोलतो. चोरलेल्या माहितीचंही तसंच आहे. विकणारा नमुन्याला काही नावं फुकट दाखवतो. ती खरी निघाली की ढिगाचा भाव ठरतो. पैसे क्रिप्टोत द्यायचे, माल हाती पडेपर्यंत ते मधल्याकडे अडकवून ठेवायचे. ऑक्टोबर 2023 मध्ये एकानं 81 कोटी 50 लाख भारतीयांची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा केला आणि तिचे 80,000 डॉलर मागितले. रिसिक्युरिटी या अमेरिकी कंपनीनं नमुन्यातले काही आधार क्रमांक तपासले, ते खरे निघाले. हिशेब करा, माणशी एक पैसाही पडत नाही. इतक्या स्वस्तात मिळणाऱ्या मालात कुणाच्या खात्यात किती शिल्लक, हे बघत कोण बसतो?

आणि शिल्लक लागतेच कुठे? नाव लागतं. यार्डात हमाली करणारे एक तात्या दुचाकीच्या कर्जासाठी माझ्याकडे आले. बँकेनं ‘सिबिल खराब’, म्हणजे कर्जफेडीची नोंद वाईट, म्हणून परत पाठवलं होतं. रिपोर्ट काढला, तर एका कर्ज देणाऱ्या ॲपचं थकलेलं कर्ज त्यांच्या नावावर. पॅन त्यांचा, जन्मतारीख त्यांची, मोबाईल नंबर भलत्याचाच. तात्या कागदावर बोट ठेवून विचारत होते, “ताई, ह्ये म्या कवा घेतलं वं?” त्यांची माहिती कुठून गेली ते आजवर कळलेलं नाही. पण जो माणूस जन्मात सिबिल बघत नाही, त्याच्या नावावरचं कर्ज जास्त दिवस लपतं. मेसेज लिहिणाऱ्याला हे उमगलेलं नाही. गरिबाच्या नावाला या धंद्यात चांगली मागणी आहे.

आता ओटीपी. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या बँक मित्राकडे (बँकेनं नेमलेल्या एजंटाकडे) पैसे निघतात, ओटीपी लागतच नाही. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून रबराची बोटं करणाऱ्या टोळ्या पोलिसांनी पकडलेल्या आहेत. यावर उपाय फुकट आहे: आधारच्या ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा, लागेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडा. दुसरं म्हणजे, संगणकात शिरलेला चोर तुम्ही आधीच लॉगिन केलेलं खातं तसंच्या तसं उचलतो. जेनेसिस मार्केट नावाच्या बाजारात हाच माल होता. एप्रिल 2023 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या पोलिसांनी तो बंद पाडला, तेव्हा त्यात 15 लाखांवर संगणकांतून चोरलेली माहिती निघाली.

‘आपण तिकडे जातच नाही.’ माहिती जायला तुम्ही कशाला जायला पाहिजे? जानेवारी 2018 मध्ये चंदीगडच्या ‘द ट्रिब्यून’च्या बातमीदार बाईंनी 500 रुपये देऊन आधारची माहिती उघडणारं लॉगिन मिळवलं. ते व्हॉट्सॲपवरच्या दलालाकडून, डार्क वेब नव्हेच. (ठसे सुरक्षित आहेत, असं आधार प्राधिकरणानं तेव्हा सांगितलं.)

दूर कशाला, माझ्याच दुकानात बघा. मागच्या वर्षी संगणकातलं ‘डाऊनलोड’ फोल्डर उघडलं आणि पोटात गोळा आला. गिऱ्हाइकांच्या शेकडो ई-आधार फायली तशाच पडलेल्या. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली 4 इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, म्हणजे कुलपाशेजारीच किल्ली. त्यात फोटो सुधारायचं एक सॉफ्टवेअर मी फुकटातलं, क्रॅक केलेलं टाकलं होतं. माहिती चोरणारे प्रोग्रॅम अनेकदा अशाच वाटेनं आत येतात. त्या संगणकातून काही गेलं की नाही, देव जाणे. त्या दिवशी तो कोरा केला आणि तेव्हापासून काम झालं की गिऱ्हाइकासमोर फाईल पुसते. तुमच्या दुकानदारालाही तसं करायला लावा.

राहिलं ‘गप्प बसा’. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या 3 दिवसांत कळवलं तर नुकसान तुमच्यावर पडत नाही. सहकारी बँकांसाठीही त्याच डिसेंबरात तसंच परिपत्रक निघालं, आणि आपल्या जिल्ह्यात खाती किती सहकारी बँकांत आहेत ते सांगायला नको. गप्प बसण्यात हेच 3 दिवस जातात. आधी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाईनला फोन लावा, मग पोलीस ठाण्यात जा. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही संस्थांचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यातली चूक कळवल्यावर 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये भरपाई मिळते.

तात्यांची तक्रार आम्ही अशीच टाकली. कर्जाची नोंद निघाली, नवा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचून घेतला आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवला. मग म्हणाले, “आता माझं आधार ह्या डब्यातनं काढा.” त्यांच्यासमोर फाईल पुसली, रिसायकल बिनही रिकामा केला. ती खिडकी कोरी दिसेपर्यंत ते उठले नाहीत.