उकळतं पाणी नको, कापण्याची घाईही नको

घरी कोंबडा कापण्याबद्दलच्या एका लेखात त्याची मान मुरगळून लगेच उकळत्या पाण्यात बुडवा असं लिहिलंय. दोन्ही नडतं. नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरण्याच्या गावठाणात गटारीला घरचा कोंबडा कापणाऱ्यांसाठी लिहितो.

आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू. गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली असली की साफ करताना फुटते आणि सगळं मांस घाण होतं. पकडायचं अंधारात, तेव्हा पक्षी शांत असतो. तेलाच्या ५ लिटरच्या प्लास्टिक कॅनचा तळ कापा, तोंड मान जाईल इतकं मोठं करा आणि कॅन उलटा टांगा. पक्षी त्यात डोकं खाली करून ठेवला की पंख आपटून मोडत नाहीत. जबड्याच्या लगेच मागे, पिसं बाजूला सारून धारदार सुरीने दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या एका दमात कापा. एकच बाजू कापली तर पक्षी जास्त वेळ शुद्धीत राहतो, खरी क्रूरता ती. नंतरची फडफड बहुतेक स्नायूंची असते. तरी २-३ मिनिटं थांबा, बुबुळाला बोट लावून पापणी हलत नाही ना बघा, मगच पाण्यात.

पाणी ६० ते ६५ अंश. थर्मामीटर नसेल तर उकळतं आणि नळाचं निम्मं-निम्मं, उकळतं थोडं जास्तच. पाऊण ते एक मिनिट. पंखाचं मोठं पीस सहज निघालं की बाहेर काढा, नाहीतर पिसांबरोबर कातडी सोलून येते.

पित्ताची पिशवी कलेजीपासून जपून वेगळी करा. मांस लगेच शिजवू नका, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. लगेच शिजवला तर गावठी कोंबडा हमखास चिवट लागतो.