हाफकिन आणि मुल्कोवालचे १९ मृत्यू

‘प्लेगच्या लशीने १९ जण मारले, म्हणून हाफकिनला नोकरीवरून काढलं,’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. हाफकिन म्हणजे ही लस बनवणारे शास्त्रज्ञ. आकडा खरा, आरोप खोटा.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ दगावले, तेही प्लेगने नव्हे, धनुर्वाताने. हे सगळे ५३-एन या एकाच बाटलीतली लस घेतलेले. बाकीच्या बाटल्यांची लस घेतलेल्या कुणालाही धनुर्वात झाला नाही.

पुढे उघड झालं की बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न धरता नुसताच कार्बोलिक या जंतुनाशकात बुडवून पुन्हा वापरला गेला. शिवाय उघडताना बाटलीला वास नव्हता. धनुर्वाताचे जंतू लस बनली त्या मुंबईच्या प्रयोगशाळेतूनच आले असते, तर तोवर लशीला घाण सुटली असती. तरीही चौकशी आयोगाने खापर हाफकिन यांच्या याच प्रयोगशाळेवर फोडलं आणि त्यांना बिनपगारी निलंबित केलं गेलं. हा सरळ अन्याय होता. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू जाहीरपणे मांडली आणि ते निर्दोष ठरले.

ही लस त्यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत आधी स्वतःला टोचून घेतली होती. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचंच नाव दिलं गेलं.