आधी तो लाल दिवा घालवा

आज सकाळी पुन्हा तोच फॉरवर्ड. "खेड्यातल्या लोकांना चार-पाच अ‍ॅप फुकट दिली तर कुणाचं काय बिघडतं? काहीच नसण्यापेक्षा बरं." पाठवणारी मंडळी आपलीच, शिकलेली. म्हणून लिहितेय. लांबेल, पण वाचा.

मागच्या आठवड्यात एका ग्रामपंचायतीत भिंतीवरचा फायबरचा डबा पाहिला. ओएनटी म्हणतात त्याला, पंचायतीत इंटरनेट येतं ते यातून. पॉवरचा दिवा हिरवा, एलओएसचा लाल. लाल म्हणजे तारेतून डब्यापर्यंत प्रकाशच येत नाही. संगणक परिचालकाने स्वतःचा मोबाइल खिडकीच्या गजाला सुतळीने बांधला होता, रेंज तिथेच मिळते म्हणून. त्याच्या हॉटस्पॉटवर एका आजींचा सातबारा निघत होता. चार महिने असंच चाललंय.

आता सांगा, त्या आजींना कुठलं फुकट अ‍ॅप देणार?

२०१५ साली फेसबुकने 'फ्री बेसिक्स' आणलं, तेव्हाही हाच युक्तिवाद होता. मोजक्या साइट फुकट, आणि त्या यादीत यायचं तर नियम फेसबुकचे. व्हिडिओ नाही, इंटरनेटवरून कॉल नाही. देशभरातून लाखो लोकांनी दूरसंचार नियामक ट्रायला ईमेल केले आणि ८ फेब्रुवारी २०१६ ला नियम आला: मजकूर कोणता आहे ते बघून डेटाचा दर वेगळा लावायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाख दंड. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने पुढचंही मान्य केलं. एखादी साइट अडवायची नाही, मुद्दाम हळू करायची नाही, पैसे घेऊन पुढे काढायची नाही. हे आपण भांडून मिळवलंय. ते 'काहीच नसण्यापेक्षा बरं' म्हणून सोडून द्यायचं?

गावात 'काहीच नाही' ही परिस्थिती मुळात का आहे, ते कुणी विचारतच नाही. उत्तर त्या लाल दिव्यात आहे.

डब्यात जाणारी छोटी तार, म्हणजे पॅचकॉर्ड, काढायची, तिला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायचा, १४९० नॅनोमीटरवर ठेवायचा. आकडा, म्हणजे प्रकाशाची ताकद, उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या मध्ये हवा. हिशोब सोपा आहे. एक्स्चेंजमधून साधारण अधिक ३ निघतात. एका तारेतला प्रकाश ३२ तारांत वाटणारा १:३२ चा स्प्लिटर १७ डीबी खातो. दहा किलोमीटर तार, किलोमीटरला ०.३५ धरून, साडेतीन. जोड आणि कनेक्टर मिळून दीड. म्हणजे उणे १९ च्या आसपास यायला पाहिजे. उणे २९ आला तर तार शाबूत आहे, पण कनेक्टर मळलाय, कपाटामागे तार दुमडलीय, नाहीतर कुणीतरी हिरवं कनेक्टर न जुळणाऱ्या निळ्यात खुपसलंय. पुसलं, सरळ केलं, बदललं की काम झालं. आकडाच आला नाही तर तार तुटलीय.

त्या गावात आकडाच आला नाही. आणि तार कुठे तुटली हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं! फाट्याजवळ पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबीने खणलं, तिथे. ओटीडीआर हे यंत्र लावलं की तार किती अंतरावर तुटली ते कळतं, फक्त त्यातून चेंबरमध्ये ठेवलेल्या जादा तारेच्या गुंडाळ्या वजा करायच्या, नाहीतर माणूस पुढच्याच शेतात खणत बसतो. २४ कोरची केबल, नवा तुकडा, दोन्हीकडे स्प्लायसिंग म्हणजे तारांची जोडणी, जोडावरचा डबा (क्लोजर) नीट बंद. एका दिवसाचं काम. एका दिवसाच्या कामाला चार महिने!

चिडायचं नाही असं ठरवून बसले होते. जमत नाहीये.

तार टाकायला आणि सांभाळायला खर्च येतो, खेड्यात तो वसूल होत नाही, मान्य. त्यासाठीच दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के खेड्यांसाठीच्या सरकारी निधीत जातात. ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला, म्हणजे गावोगावी फायबर नेणाऱ्या सरकारी योजनेला, १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. तरी मोठ्या दूरसंचार कंपन्यांची मागणी काय, तर ज्या साइटवर लोक जास्त जातात त्यांनी आम्हाला वेगळे पैसे द्यावेत. अहो, त्या डेटाचे पैसे ग्राहकाने रिचार्ज करताना भरलेत ना? दक्षिण कोरियात असं शुल्क आहे. नेटवर्कचा खर्च झेपत नाही म्हणून ट्विच या लाइव्ह व्हिडिओच्या साइटने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथलं दुकान बंद केलं. मोठ्यांना झेपत नाही, मग आपल्याकडचं एखादं छोटं मराठी शिकवणी अ‍ॅप कुठून भरणार?

पैसा जायला हवा तो दिवा हिरवा ठेवण्यात. देखभालीच्या करारात दंड डबा किती तास बंद राहिला त्यावर लावा. खणण्याआधी कळवायला 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप मार्च २०२३ पासून आहे, ते जेसीबी लावणाऱ्या ठेकेदाराला सक्तीने वापरायला लावा. आणि वीज! डबा खातो जेमतेम १२ वॅट. १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी आणि छोटा डीसी यूपीएस त्याला पाच-सहा तास चालवतो. ती बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते. ती बदलायची कुणी, हे लिहिलेलंच नसतं, मग लाइट गेली की सगळंच गेलं.

त्या परिचालकाला विचारलं, डेटाचे पैसे कोण देतं? म्हणाला, "माझेच, ताई. लोक दारात उभे असतात, नाही कसं म्हणायचं?" त्याचा दीड जीबी दुपारीच संपतो. मग तो घरी जाऊन बायकोचा फोन आणतो.

या दिवाळीत गावाकडे गेलात तर पंचायतीत पाच मिनिटं डोकवा. दिव्याचा रंग बघा. लाल असेल तर आधी कपाट पुढे ओढून तार दुमडली नाही ना ते बघा, मग तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. गाव, तालुका आणि रंग खाली कमेंटमध्ये लिहा. मी तक्त्यात भरत जाते.