मावळ म्हणजे ‘मावळतीकडचा’ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘मावळ’ नावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि रागावून लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : सूर्य मावळतो त्या अंगाचा मुलूख तो मावळ, हे घरोघरी ठाऊक आहे. कार्ल्याच्या लेण्यातल्या शिलालेखातला एक ‘मामाल’ शब्द हेच मावळचं मूळ, असं सांगून मी ते खोडतो, आणि नावाचा उगम सातवाहन राजांपर्यंत मागे नेऊन मावळ्यांना शिवरायांपासून तोडतो. शेवटी तुम्ही विचारलंत, की गावच्या शाळेच्या फलकावर आम्ही लिहायचं तरी काय?

दिशेवरून मुलखाला किंवा माणसांना नाव पडत नाही, असं मी म्हणालेलो नाही. हेट म्हणजे खालचं अंग, तिथले ते हेटकरी. घाटावरचे ते घाटी (हा शब्द पुढे हिणवायला वापरला गेला, याचं मला आजही वाईट वाटतं). पण मावळतीवरून मावळ पडलं असेल, तर उगवतीवरून पडलेलं जोडीचं नाव कुठे आहे? पुण्याच्या पूर्वेला नुसता ‘देश’ आहे. शिवाय मावळतीकडचा म्हणजे कोणाच्या? आपल्याच खोऱ्यात राहणारा माणूस आपल्या खोऱ्याला पश्चिम कशाला म्हणेल?

आता कार्ल्याचा शिलालेख. तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा मानला जातो, म्हणजे अठराशे वर्षांहून जुना. तुम्ही त्याला ‘एक शब्द’ म्हणता, पण ती चांगली लांबलचक राजाज्ञा आहे. मामाडच्या अमात्याला, म्हणजे अंमलदाराला, हुकूम आहे : वलूरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक या बौद्ध पंथाच्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी ‘मामालाहारे उतरे मगे गामे करजके’, म्हणजे मामाल आहारातल्या, उत्तरेच्या वाटेवरच्या करजक गावातली जमीन दिली आहे. वलूरक हे कार्ल्याच्या लेण्यांचंच तेव्हाचं नाव आणि आहार म्हणजे आजच्या भाषेत जिल्हा. हेच गाव त्याआधी क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने याच लेण्यांना दिलं होतं, तोही लेख तिथेच आहे. सत्ता पालटली तेव्हा नव्या राजाने ते दान आपल्या नावाने पुन्हा दिलं. इतक्या रोखठोक सरकारी कामात आलेलं हे नाव आहे. नावाचा अर्थ सांगण्याची त्या अंमलदारांना गरज नव्हती, आणि मीही त्यावर अर्थ लादणार नाही.

‘नुसतं कानाला सारखं लागतं म्हणून जोडलंत,’ असं तुम्ही म्हणता. तसं असतं तर मीच ते मान्य केलं नसतं. दोन स्वरांमधल्या म चा व होणं आणि ल चा ळ होणं ही मराठीची रोजची वहिवाट आहे : आमलकचा आवळा, कोमलचं कोवळं, श्यामलचा सावळा. त्याच वाटेने मामालचं मावळ. मधला दीर्घ आ ऱ्हस्व होतो, तोही कुमारच्या कुंवरमध्ये झालेला दिसतो. त्याच लेखात ‘मामाड’ असंही रूप आहे. त्यानेही बिघडत नाही, कारण ड चाही ळ होतोच. गुडचा गूळ आणि तडागाचं तळं झालंच ना? आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जागा. हा लेख दुसऱ्या कुठल्या प्रांतातून आणून मी मावळला चिकटवलेला नाही. कार्ले आजही मावळ तालुक्यातच आहे. उच्चाराचा नियम आणि ठिकाण दोन्ही जुळतात, तेव्हा योगायोग म्हणायला जागा उरत नाही.

शिवरायांबद्दलचा तुमचा आक्षेप मला सर्वांत जास्त लागला, म्हणून नीट सांगतो. एका आहाराचं हे नाव पुढे पसरत गेलं, सह्याद्रीच्या पूर्व उताराच्या खोऱ्यांना सामान्यनामासारखं लागू झालं. पवन मावळ, आंदर मावळ, नाणे मावळ, गुंजण मावळ, पार भोरकडचं हिरडस मावळ : कुठे नदीवरून, कुठे गावावरून ओळख. या बारा मावळांत राहणारे ते मावळे, मग कुणबी असोत की कोळी, देशमुख असोत की रामोशी. ती जात नव्हती, मुलखाचं नाव होतं. शिवरायांनी या खोऱ्यांतली माणसं उभी केली आणि त्या नावाला जो मान आला तो सतराव्या शतकातला, स्वराज्याचाच. इंग्रज अधिकारी ग्रँट डफ 1826 साली मराठ्यांचा इतिहास लिहितो तेव्हा मावळे आणि हेटकरी असे दोन वेगळे पायदळी गट सांगतो, म्हणजे तोवर नाव लष्करी ओळख बनलेलं होतं. आज कोल्हापूरचा किंवा नागपूरचा तरुणही अभिमानाने स्वतःला मावळा म्हणवतो. नाव जुनं निघालं म्हणून यातलं काय कमी झालं? उलट तुमच्या खोऱ्याचं नाव शिवजन्माच्या दीड हजार वर्षं आधी दगडावर होतं, हे मुलांना कळायलाच हवं.

तेव्हा फलकावर असं लिहा : ‘मावळ हे नाव कार्ल्याच्या प्राकृत शिलालेखात मामाल असे येते.’ खाली मावळतीची गोष्टही जरूर लिहा, फक्त ‘लोक असे सांगतात’ असं म्हणून. आणि जमलं तर मुलांना एकदा कार्ल्याला घेऊन जा. लेख चैत्यगृहाच्या, म्हणजे लेण्यातल्या प्रार्थनेच्या दालनाच्या, ओसरीत आहे. ब्राह्मी लिपीतला ‘म’ एकदा ओळखू आला की ‘मामाल’ त्यांचं त्यांना सापडेल.