मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि चालले ब्रह्मतालला!

आज सिंहगडावर शेजारच्या घोळक्यातला लीडर पोरांना सांगत होता, "गेटर-बिटरवर पैसे कशाला घालवता? मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, झालं काम!" डिसेंबरअखेर ब्रह्मतालची, म्हणजे उत्तराखंडातल्या तळ्यापर्यंतच्या बर्फातल्या ट्रेकची, बॅच आहे म्हणे. पिठलं-भाकरीची चवच गेली.

अरे बाबा, बर्फ बुटात वरून शिरतो. तोच अडवायला गेटर, म्हणजे बुटावरून गुडघ्याखालपर्यंत बांधायचं आवरण. ताज्या बर्फात पाय गुडघाभर रुततो, उपसताना घोट्याभोवती बर्फ गच्च भरतो, पायाच्या उबेने वितळतो आणि तासाभरात बूट आतून चिंब. पिशवीने ते पाणी अडेलही, पण घाम कुठे जाणार? वर दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो, रक्त फिरत नाही, बोटं बधिर. मुक्कामाला ओल्या बुटात दहा मिनिटं तंबूबाहेर जायला पिशवी चालते, मान्य. दिवसभराच्या चालीला नाही!

"स्पाइक्स देतोय ना आपण," हे वर. स्पाइक्स, म्हणजे बुटाखाली चढवायचे धातूचे दात, पहाटेच्या कडक बर्फाला. दुपारी बर्फ ओलसर झाला की तळाला गोळे धरतात, मग लाडवांवर उभं राहिल्यासारखं होतं. काठीने ठोकून झाडत राहायचं. खोल भुसभुशीत बर्फात स्पाइक्सचा उपयोग शून्य. तिथे वजन पसरवणारे स्नोशू हवेत. नसतील तर पुढच्याच्या पावलात पाऊल, आणि वाट फोडणारा दर १०-१५ मिनिटांनी बदलायचा. हे पिशवीवाल्याने सांगितलं? छे.

सांगितलं काय, तर गोठलेल्या तळ्यावर ग्रुप रील! एका माणसाला निदान १० सेंटीमीटर स्वच्छ, घट्ट बर्फ लागतो. वर भुसभुशीत बर्फाचा ताजा थर असला की थंडी खाली पोचत नाही, बर्फ जाड होत नाही. ओढा जिथे आत येतो-बाहेर पडतो तिथे तर पापुद्राच. त्यापेक्षा माथ्यावरून त्रिशूळ शिखर बघा की, ७,१२० मीटरचं उभं आहे समोर!

सिंहगड धावत चढणाऱ्यांना दम असतो, नाही म्हणत नाही. पण विरळ हवा दम विचारत नाही. डोकं दुखून मळमळलं तर आणखी वर जायचं नाही, वाढलं तर खाली उतरायचं. बस.

घोळक्यातली एक मुलगी मात्र बिचारी सगळं वहीत उतरवून घेत होती. पिशवीसुद्धा. तिच्यावर कशाला चिडू? बाळा, हेही लिही. ढग असले तरी गॉगल काढायचा नाही. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परतवतो, डोळ्यांची आग संध्याकाळी सुरू होते. सनस्क्रीन नाकपुड्यांखालीही. अंगाला सुती काही नको. रात्री बाटली उलटी ठेव, पाणी वरून गोठतं. फोन स्लीपिंग बॅगमध्ये.

आणि गेटर भाड्यानेच घे, पण घालून बघ. पुढचा हूक लेसमध्ये अडकवायचा, पट्टा बुटाच्या खालून, बकल बाहेरच्या अंगाला. आतल्या बाजूला आलं तर दुसऱ्या पायाचे स्पाइक्स त्यातच अडकतात.