टेराफ्लॉप राहू दे, डिस्क कुठून घालायची ते सांगा

२०२० चा दसरा नुकताच झाला तेव्हाची ही पोस्ट, तारखा-किमती सगळ्या त्या वेळच्या. १० नोव्हेंबरला मायक्रोसॉफ्टचा नवा एक्सबॉक्स (टीव्हीला लावून गेम खेळायचं मशीन, मोठं सिरीज एक्स आणि छोटं सिरीज एस) येतोय, १४ ला लक्ष्मीपूजन, आणि सोनीचं तसलंच मशीन पीएस ५ (प्लेस्टेशन ५) आपल्याकडे नक्की कधी ते सोनीने अजून सांगितलेलं नाही. अमेरिका-जपानसकट काही देशांना १२ तारीख, बाकी जगाला १९, आपल्याला नुसती किंमत सांगून ठेवलीय. ४९,९९० आणि डिस्कशिवायचा ३९,९९०. म्हणजे पत्रिका छापली पण मुहूर्त कोरा.

तोपर्यंत पोरं टेराफ्लॉपवरून भांडतायत (मशीन सेकंदाला किती लाख कोटी गणितं करतं त्याचं माप). मार्चपासून तेच चाललंय. सिरीज एक्स १२, पीएस ५ १०.२८, त्यामुळे एक्सबॉक्स जिंकला म्हणे. अरे बाबांनो, दोन्हीतला प्रोसेसर एएमडी कंपनीचा, दोन्हीकडे त्यांचं आठ कोअरचं झेन २ डिझाइन, दोन्हीकडे १६ जीबी रॅम, एकाच गिरणीचं पीठ आहे हे. फरक एवढाच की मायक्रोसॉफ्टने ग्राफिक्सच्या कामाला ५२ गडी लावले जे एका ठरावीक चालीने राबणार (१.८२५ गिगाहर्ट्झ) आणि सोनीने ३६ च लावले पण त्यांचा हात चपळ, २.२३ पर्यंत जातो, काम फारच जड झालं की वेग थोडा कमी करतो. कागदावर सिरीज एक्स पुढेच आहे, मी नाही म्हणत नाही. पण सोफ्यावर बसून हा फरक डोळ्याला दिसेल का, मला तरी नाही वाटत.

दिसेल तो एसएसडीचा, म्हणजे गेम साठवायच्या आतल्या वेगवान चिपचा. इथे सोनीने खरंच डोकं लावलंय. सेकंदाला ५.५ जीबी, एक्सबॉक्सचा २.४. पीएस ५ चा मुख्य रचनाकार मार्क सर्नीने मार्चमधल्या भाषणात बराच वेळ याच्यावरच घालवला, लोक गेम बघायला बसलेले आणि हा प्राध्यापकासारखा फळ्यावरचं शिकवतोय, पण मुद्दा बरोबर होता. २०१९ मध्ये सोनीने स्पायडरमॅन गेम दाखवला होता, पीएस ४ प्रो वर ८ सेकंद लोडिंग आणि नव्या मशीनवर एक सेकंदसुद्धा नाही. मी आजवर लोडिंग स्क्रीनच्या भरवशावर चहा टाकून येतो. ते बंद होणार. एक्सबॉक्सचा क्विक रिझ्यूम पण भारी आहे हां, एक गेम अर्धा सोडून दुसरा लावायचा आणि परत आलो की पहिला होता तिथूनच चालू.

पण माझं खरं दुखणं वेगळंय. डिस्क.

आपण लोक गेम विकत घेत नाही, फिरवतो. लहानपणी टीव्ही गेमची पिवळी कॅसेट चाळीतल्या चार घरात फिरायची, नंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरनं चिप मारलेला (नकली डिस्क चालवणारा) पीएस २ आणला तेव्हा डिस्कची पाकिटं कॉलेजभर फिरली (ते धंदे आता सोडले, बायको पोस्ट वाचते). आता ओरिजिनल घेतो पण हिशोब तोच, ४ हजाराची डिस्क घ्यायची, महिन्यात संपवायची, अडीच हजाराला पुढे द्यायची. आणि पीएस ५ चे मोठे गेम आता ४,९९९ ला येणार. त्यामुळे डिस्कशिवायचा पीएस ५ दहा हजारांनी स्वस्त दिसतो तो फसवा आहे. चार-पाच डिस्क पुढे विकल्या की ते दहा हजार वसूल, आणि डिजिटलवाल्याचा गेम त्याच्या अकाउंटला जन्माचा चिकटलेला, ना विकता येत ना मित्राला देता येत. वर तुमच्याकडे पीएस ४ च्या जुन्या डिस्क असतील तर त्या घालणार कुठे? पीएस ५ मध्ये पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालतात, पण डिस्क जायला जागा तर पाहिजे ना.

गंमत म्हणजे हेच भांडण २०१३ ला होऊन गेलंय. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनला सेकंडहँड डिस्कवर बंधनं घालायचं ठरवलं होतं, वर २४ तासात एकदा नेट लावायचं. सोनीने एक छोटासा व्हिडिओ टाकला, गेम शेअर कसा करायचा, तर एक माणूस दुसऱ्याच्या हातात गेमचा डबा देतो, संपलं. इतकी छी थू झाली की मायक्रोसॉफ्टने दोन आठवड्यांच्या आत सगळं मागे घेतलं. आता सात वर्षांनी दोघंही डिस्कशिवायचं मशीन स्वस्तात देतायत आणि लोक रांग लावतायत.

सिरीज एसचं मात्र मला पटतं, हे मान्य करायला थोडं जड जातंय. ३४,९९०, ताकद ४ टेराफ्लॉप, डिस्क नाहीच, पण गेम पास अल्टिमेट ही वर्गणी आहे. महिन्याला ६९९ मध्ये शंभराच्या वर गेम, मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे पहिल्या दिवसापासून, १० तारखेपासून ईए कंपनीच्या गेमची वर्गणी ईए प्लेसुद्धा त्यातच. सप्टेंबरात साडेसात अब्ज डॉलरला गेम बनवणाऱ्या बेथेस्डाची मूळ कंपनी घ्यायची घोषणा केलीय, म्हणजे पुढे मालही भरपूर येणार. फक्त ५१२ जीबीत मावणार काय, एकेक गेम शंभर जीबीच्या घरात, आमच्या बिल्डिंगच्या नेटचा कोटा महिनाअखेरीस असा काही आटतो की विचारू नका. आणि आत्ता खेळायचं काय? एक्सबॉक्सचा हुकमी गेम हॅलो गेला २०२१ वर.

कंट्रोलरबद्दल एकच, २०२० मध्ये एक्सबॉक्सवाले अजून पेन्सिल सेल देतात. सोनीच्या कंट्रोलरचं बटण म्हणे धनुष्य ओढताना बोटाला ताण देतं.

तर मी थांबणार, डिस्कवाल्या पीएस ५ साठी, येईल तेव्हा येईल. टीव्हीखालचा कप्पा मोजलाय, ३५ सेंटीमीटर. हा बाबा उभा ३९ आहे, झोपवूनच ठेवावा लागेल. तोवर ठाणे-मुलुंडकडे कोणाला पीएस ४ च्या डिस्क अदलाबदल करायच्या असतील तर इनबॉक्स करा, माझ्याकडे सात आहेत. ओरखडे नाहीत, पण क्रिकेटवाली सोडून, तिच्यावर पोराने वरण सांडलंय.